इरिडियम सॅटेलाइट फोन: तंत्र फसलं की कर्जाचे हप्ते?

दिघीकर
परवा पुतण्याला गाडीवर मागे बसवून आळंदी रस्त्याने चाललो होतो. दिघीपाशी आल्यावर सहज म्हटलं, "इथे एकेकाळी जगभर चालणाऱ्या सॅटेलाइट फोनचं भारतातलं केंद्र होतं." पोराचा विश्वास बसेना. घरी आल्यावर त्याला इरिडियमची सगळी गोष्ट सांगितली आणि सांगता सांगता माझाच एक जुना प्रश्न वर आला. तो इथे मांडतो.

हकिकत थोडक्यात अशी. १९८७ च्या सुमाराला मोटोरोलाच्या तीन अभियंत्यांनी कल्पना काढली, की टॉवरच्या भानगडीत न पडता फोन थेट उपग्रहाशी बोलला पाहिजे. जमिनीपासून ७८० किलोमीटरवर उपग्रहांची जाळी विणायची. आधी ७७ उपग्रह ठरले, म्हणून ७७ अणुक्रमांकाच्या मूलद्रव्याचं नाव घेतलं. पुढे आकडेमोड करता करता ६६ वर भागलं, नाव मात्र तेच राहिलं. मे १९९७ मध्ये पहिले उपग्रह वर गेले. १ नोव्हेंबर १९९८ ला सेवा सुरू झाली. आणि १३ ऑगस्ट १९९९ ला कंपनी अमेरिकेच्या दिवाळखोरी न्यायालयात उभी. साडेनऊ महिने फक्त! खर्च झाला होता ५ अब्ज डॉलरच्या आसपास.

सगळीकडे एकच निदान वाचायला मिळतं: फोन विटेएवढा, महाग, तेवढ्यात साधा मोबाइल आला, म्हणून कंपनी बुडाली. मला हे अर्धंच पटतं. कारण तेच उपग्रह पुढे वीस-वीस वर्षं चालले आणि कंपनी आजही उभी आहे. वस्तूच वाईट असती तर नंतर कशी चालली असती? माझं मत, यंत्रणा नीट होती, तिच्यासाठी पैसा ज्या पद्धतीने उभा केला ती पद्धत बुडाली. जाणकारांनी सांगावं.

कातरवेळ
नाही पटलं. फोनची किंमत ३००० डॉलरच्या घरात, बोलायला मिनिटाला ३ ते ८ डॉलर, वजन जवळजवळ अर्धा किलो आणि घरात लागत नाही. हे सगळं खरं असताना दोष सावकाराला कशाला?

चांदणंवेचा
थोडं अवांतर करतो, राहवत नाही.

इरिडियमचं नाव काढलं की आम्हा आकाश बघणाऱ्यांना त्यांच्या चमका आठवतात. जुन्या उपग्रहांना दाराएवढ्या तीन चकचकीत अँटेना होत्या. सूर्याचा प्रकाश त्यांच्यावर आरशासारखा पडून तिरीप खाली यायची. कुठे, किती वाजता, किती सेकंद, हे आधी गणिताने काढता यायचं. एकदा भिगवणच्या बाजूला वीस-बावीस पोरांना घेऊन गेलो होतो. घड्याळात बघून म्हटलं, "आता त्या बाभळीच्या शेंड्याच्या जरा वर बघा." अंधारात आधी एक बारीक ठिपका सरकताना दिसला, मग तो फुलत गेला, शुक्राच्या कितीतरी पट तेजस्वी झाला आणि दहाएक सेकंदांत विझला. एक पोरगी ओरडली, "सर, कुणी बॅटरी मारली का?"

जुने उपग्रह खाली आणल्यापासून त्या चमका गेल्या. नव्या उपग्रहांच्या अँटेनांची ठेवण वेगळी आहे.

कर्जविभाग_निवृत्त
दिघीकर, मर्मावर बोट ठेवलंत. माझी नोकरी प्रकल्पकर्जांचे प्रस्ताव तपासण्यात गेली. आधी साखर कारखाने आणि सूतगिरण्या, शेवटची काही वर्षं टेलिकॉम. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

जमिनीवरच्या मोबाइल कंपनीला एक मोठी सोय असते. आधी पुण्यात टॉवर लावायचे, पुण्याची बिलं येऊ द्यायची, त्या जोरावर नाशिक, मग सोलापूर. एखाद्या गावात धंदा नसेल तर तिथला टॉवर पुढच्या वर्षावर ढकलायचा. कर्जाची उचलही तशीच टप्प्याटप्प्याने. खालच्या कक्षेतल्या उपग्रहाचं तसं नाही. तो साधारण शंभर मिनिटांत पृथ्वीभोवती फेरी मारतो आणि तुमच्या डोक्यावर जेमतेम नऊ-दहा मिनिटं असतो. तो मावळायच्या आत दुसरा उगवलाच पाहिजे, नाहीतर बोलणं तुटलं. म्हणजे पुण्यापुरतं आकाश विकत घेता येत नाही. सगळी जाळी पुरी झाल्याशिवाय पहिलं बिल फाडता येत नाही, आणि व्याज मात्र पहिल्या उचलीपासून चालू.

साखर कारखान्यात आम्ही निदान पहिल्या गळिताची वाट बघायचो. पहिला हंगाम आतबट्ट्याचाच जाणार हे गृहीत धरून हप्ते बसवायचे असतात. इरिडियमच्या बँकांनी काय अट घातली होती बघा. सेवा सुरू झाली नोव्हेंबरात, आणि ३१ मार्च १९९९ पर्यंत सॅटेलाइट फोनचे २७,००० ग्राहक, पेजर वगैरे धरून एकूण ५२,०००. पाच महिन्यांत! प्रत्यक्षात मार्चअखेर साधारण १०,००० भरले. बँकांनी मुदत मेअखेरपर्यंत वाढवली, तरी जमलं नाही. त्या पहिल्या तिमाहीचं उत्पन्न होतं साधारण साडेचौदा लाख डॉलर आणि तोटा पन्नास कोटी डॉलरच्या वर. व्याज आणि घसारा मिळून हा डोंगर. ३००० डॉलरची, कुणी कधी न वापरलेली वस्तू पाच महिन्यांत २७,००० लोकांच्या गळी उतरवू असं लिहून देणारा चुकला आणि ते खरं मानून सही करणारा त्याच्याहून चुकला. माझ्या टेबलावर असा कागद आला असता तर मी तो परत पाठवला असता.

कातरवेळ
काका, पण ग्राहक आलेच नाहीत ना? हप्ते सैल केले असते तर फक्त मरण लांबलं असतं.

आखाती_मालवणी
ग्राहक का येत नव्हते ते मी सांगतो, मी दारोदार फिरलोय. २००० नंतरची दोन-तीन वर्षं आखातात सॅटेलाइट फोन विकायचो. कंपनीचं नाव लिहीत नाही, गरजही नाही, कारण ही अडचण त्या काळातल्या प्रत्येक सॅटेलाइट फोनची होती.

एका मोठ्या बांधकाम कंत्राटदाराकडे गेलो. अकराव्या मजल्यावर काचेची केबिन. त्याने चहा मागवला आणि म्हणाला, "लाव इथूनच माझ्या घरी फोन." मी म्हटलं, साहेब, गच्चीवर जावं लागेल. गच्चीला कुलूप. चावी वॉचमनकडे, वॉचमन नमाजाला गेलेला. वीस मिनिटांनी वर पोचलो. बेचाळीस डिग्रीचं ऊन. जाडजूड अँटेना वर ओढली, फोन आकाशाकडे तिरका धरला, आकडे यायची वाट बघत उभे राहिलो. लागला फोन, त्याच्या आईशी अगदी स्वच्छ बोलणं झालं. तो खूश झाला, मलाही हुरूप आला. तेवढ्यात त्याच्या खिशातला साधा मोबाइल वाजला. बायकोचा फोन, त्याच गच्चीवर, फुकटात म्हणावं इतक्या स्वस्तात. माझ्याकडे बघून तो फक्त हसला. ऑर्डर गेली.

त्याच आठवड्यात वाळवंटात पाइपलाइन टाकणाऱ्या टोळीच्या फोरमनला मी एका बैठकीत चार फोन विकले. त्याने किंमतही नीट विचारली नाही. माणूस जखमी झाला तर हेलिकॉप्टर कसं बोलावणार, एवढंच त्याला पाहिजे होतं.

वस्तू चांगली होती हो. चुकीच्या माणसाला विकायला सांगत होते.

दर्यावर्दी
मालवणी भाऊंना शंभर टक्के अनुमोदन. आम्हा बोटीवरच्यांना हा फोन म्हणजे देवच. मी कॅडेट होतो तेव्हा घरी बोलायचं तर रेडिओ ऑफिसरच्या दाराशी उभं राहायचं, मिनिटाचा दर ऐकून पोटात गोळा यायचा. तेव्हा बोटींवर इन्मारसॅट नावाची दुसरी सॅटेलाइट सेवा असायची. तिचे उपग्रह ३६,००० किलोमीटरवर, त्यामुळे आपण "हॅलो" म्हणून जरा थांबायचं, मग पलीकडून उत्तर. आई नेहमी त्या पोकळीत बोलायला सुरुवात करायची आणि दोघांचे शब्द एकमेकांवर आदळायचे. पुढे दुसऱ्या बोटीवर इरिडियम आला. समोर बसून बोलावं तसं बोलणं. ध्रुवाकडच्या पाण्यातही लागतो, कारण त्याचे उपग्रह ध्रुवांवरूनच फिरतात. आता तर संकटकाळच्या संदेशांसाठीही आंतरराष्ट्रीय मान्यता मिळालीय, २०२० पासून ती सेवा चालू आहे. तोपर्यंत ते क्षेत्र एकट्या इन्मारसॅटकडे होतं.

जाहिरात मात्र केली होती फिरत्या व्यापाऱ्यांसाठी, सूटबूटवाल्यांसाठी. आमच्याकडे कोण बघतो!

फिनिक्सची_सुलभा
इथे अ‍ॅरिझोनात पंचवीस वर्षं आहे. उपग्रह जिथे जोडले ते चँडलर आमच्या घरापासून अर्ध्या तासावर. आधी उपग्रह म्हणजे दागिन्यासारखा एकेक घडवायचा, दोन-दोन वर्षं लागायची. या लोकांनी तो मोटारीसारखा कारखान्याच्या साखळीवर आणला, दर चार-पाच दिवसांनी एक तयार. आणि अमेरिका, रशिया, चीन अशा तिन्ही देशांच्या रॉकेटांवरून सालभरात सत्तरच्या वर उपग्रह सोडले. १९९७-९८ साली! आमच्या शेजारचे एक आजोबा त्या कामावर होते. अजूनही त्या दिवसांबद्दल बोलायला लागले की त्यांचे डोळे भरून येतात. "आम्ही आमचं काम वेळेत केलं होतं," एवढंच म्हणतात.

कातरवेळ, म्हणून "तंत्र फसलं" हे वाक्य मला फार लागतं.

कातरवेळ
सुलभाताई, अभियंत्यांबद्दल आदरच आहे. पण बाजार न बघता बांधलेली वस्तू हीसुद्धा चूकच ना? १९८७ ला कल्पना आणि १९९८ ला दुकान. मधल्या अकरा वर्षांत जग बदललं. युरोपात, आशियात जीएसएम, म्हणजे टॉवरवर चालणारा साधा मोबाइल, पसरलं, रोमिंग आलं. कल्पना सुचली तेव्हाचा ग्राहक दुकान उघडेपर्यंत दुसरीकडे गेला होता.

कर्जविभाग_निवृत्त
हा मुद्दा मात्र मान्य. आणि तो पैशाशीच जोडलेला आहे. एवढा लांब पल्ला असलेल्या कामात मधे थांबून "अजून गिऱ्हाईक आहे का?" असं विचारायची सोय कुठेतरी ठेवावी लागते. इथे ती नव्हती, त्याचं कारण पैशाच्या रचनेत आहे.

मोटोरोला प्रवर्तक होती, मोठी भागधारक होती, आणि तीच मुख्य ठेकेदारही होती. उपग्रहांची यंत्रणा बांधायचं कंत्राट ३.४५ अब्ज डॉलरचं, शिवाय पुढच्या पाच वर्षांच्या देखभालीचं २.८८ अब्जांचं. म्हणजे फोन विकला जावो न जावो, ठेकेदार म्हणून तिची बिलं चालूच. आमच्याकडे कारखान्याचा अध्यक्षच यंत्रसामग्रीचा पुरवठादार असेल तर आम्ही फाइलवर लाल शेरा मारायचो. वाईट हेतू असेलच असं नाही. पण "थांबूया" म्हणायची गरज ज्याला सगळ्यात आधी वाटायला हवी, त्याला ती वाटत नाही.

दुसरं म्हणजे भागीदार. जगभरातले पंधरा-वीस गुंतवणूकदार गट. प्रत्येकाला आपापला प्रदेश वाटून दिला, तिथलं केंद्र त्याने उभारायचं, विक्रीही त्यानेच करायची. पैसा गोळा करायला झकास युक्ती! पण फोन विकायची वेळ आली तेव्हा कोणाची माणसं नेमलेली नव्हती, कोणाकडे परवाने नव्हते. जाहिरातीवर दहा कोटी डॉलरच्या वर खर्च केले, लाखो लोकांनी चौकशी केली, आणि दुकानात फोनच नाही. हँडसेट उशिरा आले.

दिघीकर
भागीदारांचा विषय निघालाच आहे तर आपल्याकडचं कुणाला माहीत आहे का? आपल्या वित्तसंस्थांचा पैसा यात होता असं वडील म्हणायचे.

खडकी_कोर्ट
माहीत आहे, कारण हा खटला आम्ही कॉलेजात अभ्यासलाय आणि मग रोज त्याच आवारात वकिली केली.

इरिडियम इंडिया टेलिकॉम ही आपल्याकडची कंपनी, तिच्यात इथल्या मोठ्या सार्वजनिक वित्तसंस्थांचा पैसा. म्हणजे फिरून फिरून तुमच्याआमच्या विम्याच्या हप्त्यांचा आणि बचतीचाच. १९९२ च्या खासगी गुंतवणूक पत्रकात प्रकल्पाचं जे चित्र रंगवलं होतं ते दिशाभूल करणारं होतं, असा आरोप करून या कंपनीने २००१ मध्ये पुण्याच्या न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे मोटोरोलाविरुद्ध फसवणुकीची फौजदारी तक्रार केली. २००३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली. मोटोरोलाचा एक मोठा बचाव असा, की कंपनी म्हणजे कागदावरची व्यक्ती, तिला मन नाही, मग तिचा "हेतू" गुन्हेगारी कसा असेल? २० ऑक्टोबर २०१० ला सर्वोच्च न्यायालयाने हे फेटाळलं. जी माणसं कंपनी चालवतात त्यांचा हेतू तो कंपनीचा हेतू धरता येतो, त्यामुळे हेतू सिद्ध करावा लागणाऱ्या गुन्ह्यासाठीही कंपनीवर खटला चालू शकतो, असं ठरलं. मोटोरोला दोषी की निर्दोष हे त्या निकालात ठरलेलं नाही, तो गैरसमज नको. फक्त तक्रार पुन्हा जिवंत झाली.

आज देशात कुठेही कंपनीवर फसवणुकीचा खटला उभा राहिला की हा निकाल निघतोच. एका बुडालेल्या फोन कंपनीने आपल्या कायद्याला ही देणगी दिली आणि तिची सुरुवात पुण्यात झाली, याचा मला खरंच अभिमान आहे.

कर्जविभाग_निवृत्त
वकीलसाहेब, उत्तम माहिती. दुसरी बाजूही नोंदवतो. अमेरिकेत इरिडियमच्या धनकोंनीही मोटोरोलावर दावा लावला होता. २००७ मध्ये न्यूयॉर्कच्या दिवाळखोरी न्यायालयाने तो अमान्य केला. कारण साधारण असं, की त्या काळात अख्ख्या शेअरबाजाराचा कंपनीवर विश्वास होता. जून १९९७ मध्ये २० डॉलरला विकलेला शेअर मे १९९८ मध्ये ७० च्या वर गेला होता. सगळ्यांनाच जे खरं वाटत होतं, ते एकट्या मोटोरोलाने लपवलं असं कसं म्हणायचं?

पाटणकर_सातारा
आज कंपनी चालते म्हणता, ते कसं? मधला दुवा कुणी सांगितलाच नाही.

फिनिक्सची_सुलभा
तो भाग तर सगळ्यात चित्तथरारक. २००० साली बुडालेली कंपनी विकत घ्यायला गिऱ्हाईकच मिळेना, म्हणून सगळे उपग्रह वातावरणात आणून जाळून टाकायचं ठरलं होतं. तयारी सुरू झालेली. तेव्हा डॅन कोलुसी, पॅन अ‍ॅम विमान कंपनीचे माजी अध्यक्ष, पुढे आले. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने दोन वर्षांसाठी ७.२ कोटी डॉलरचं काम द्यायचं कबूल केलं, २०,००० सरकारी वापरकर्त्यांसाठी. आणि ५ अब्जांची यंत्रणा गेली अडीच कोटी डॉलरला.

दिघीकर
हेच, ताई! माझा सगळा मुद्दा या एका वाक्यात आहे. तोच फोन, तेच उपग्रह, घरात तेव्हाही लागत नव्हता आणि नंतरही लागला नाही. फक्त डोक्यावरचं कर्ज गेलं आणि खरं गिऱ्हाईक समोर आलं: सैन्य, बोटी, विमानं, खाणी. आज वीस लाखांच्या वर जोडण्या आहेत, त्यात बऱ्याचशा माणसांच्या नाहीत, यंत्रांच्या आहेत.

कातरवेळ
पण मग तुमच्याच उदाहरणातून माझा मुद्दा सिद्ध होतो. अडीच कोटींना मिळालं म्हणून परवडलं. ५ अब्ज कधीच वसूल होणार नव्हते, हप्ते कितीही लांबवा. ज्यांनी घातले त्यांचे गेलेच.

कर्जविभाग_निवृत्त
कातरवेळ, इथे तुमचं म्हणणं खोडायला माझ्याकडे काही नाही. पहिल्या मालकाचा पैसा बुडाल्याशिवाय दुसऱ्याला तो धंदा परवडला नसता.

फक्त पुढचं पाऊल बघा. जुने उपग्रह बदलायची वेळ आली तेव्हा याच कंपनीने पुन्हा कर्ज काढलं. खर्च ३ अब्ज डॉलरच्या आसपास, त्यातल्या १.८ अब्जांच्या कर्जाला फ्रान्सच्या निर्यात-हमी संस्थेचा आधार. जानेवारी २०१७ ते जानेवारी २०१९ मध्ये ७५ नवे उपग्रह वर गेले. एवढं मोठं कर्ज पचलं, कारण या वेळी बिल भरणारे ग्राहक आधीपासून हातात होते आणि जुनी जाळी चालू ठेवत एकेक उपग्रह बदलता आला. दर महिन्याला पैसा येत असताना घेतलेलं कर्ज आणि आशेवर घेतलेलं कर्ज, यांत हाच फरक बरं का.

पाटणकर_सातारा
मग आता जे नवे येताहेत त्यांचं काय? आमच्या कोयनेच्या आतल्या वाड्यांवर आजही रेंज नाही. पावसाळ्यात दरड कोसळली की दोन-दोन दिवस पत्ता लागत नाही. उपग्रहावरून इंटरनेट देणाऱ्या स्टारलिंकला जून २०२५ मध्ये केंद्राचा परवाना मिळाला, नोव्हेंबरात आपल्या राज्य सरकारने त्यांच्याशी इरादापत्र केलं, गडचिरोली, नंदुरबार, धाराशिव, वाशिम अशी नावं आली. आम्ही आस लावून बसलोय. हेही बुडणार का?

कर्जविभाग_निवृत्त
पाटणकर, या वाटेवर ठेच लागलेले बरेच आहेत. अशाच उपग्रह कंपन्यांपैकी आयसीओ १९९९ मध्ये, ग्लोबलस्टार २००२ मध्ये, आणि अगदी अलीकडे वनवेब मार्च २०२० मध्ये दिवाळखोरीत गेली. वनवेबची जाळी अर्धवट असतानाच पैसा आटला. मग ब्रिटिश सरकार आणि आपल्या भारतीने (एअरटेलवाल्या) प्रत्येकी ५० कोटी डॉलर घालून ती उचलली, पुढे इस्रोनेही तिचे ७२ उपग्रह सोडले. स्टारलिंकचं वेगळेपण एवढंच, की रॉकेट घरचं आहे आणि एका देशात धंदा चालू असताना दुसऱ्या देशाचे परवाने मिळवायला त्यांना उसंत मिळते.

तुमच्या वाडीचा प्रश्न वेगळा आहे. उपग्रह डोक्यावरून जातोच, सातारा काय नि सिएटल काय. वाडीतल्या माणसाला महिन्याचं भाडं परवडेल का, हे बघायला हवं. तिथे सरकारने शाळा, आरोग्य उपकेंद्र, ग्रामपंचायत यांचं बिल स्वतः भरायचं ठरवलं तर ते टिकेल. इरिडियमला संरक्षण खात्याने तारलं ते असंच.

पाटणकर_सातारा
हे ग्रामसभेत मांडतो. उपकेंद्रासाठी तरी मागणी करूच.

दर्यावर्दी
एक सावधगिरीची सूचना, धागा वाचून कुणी परदेशातून सॅटेलाइट फोन आणायच्या बेतात असेल तर. आपल्याकडे परवानगीशिवाय इरिडियम किंवा थुराया (दुसऱ्या कंपनीचा सॅटेलाइट फोन) बाळगणं बेकायदा आहे. गोव्याच्या विमानतळावर परदेशी पाहुणे यावरून अडकल्याच्या बातम्या येत असतात. आम्हालाही भारतीय हद्दीत शिरताना नियम पाळावे लागतात. रीतसर पाहिजे असेल तर बीएसएनएलची इन्मारसॅटवरची सेवा आहे, २०१७ पासून.

दिघीकर
सगळ्यांचे आभार. माझं मूळ मत थोडं बदललं. हप्त्यांच्या तारखा हा एक भाग झाला, पण मालवणी भाऊंच्या गच्चीने आणि फोरमनने मला जास्त शिकवलं.

पुतण्याने हा सगळा धागा वाचला आणि विचारतोय, "काका, अडीच कोटी डॉलर म्हणजे मोठ्या कंपन्यांना काहीच नाही. मग एवढे दिवस कुणी घेतली का नाही?"

फिनिक्सची_सुलभा
हुशार आहे तुमचा पुतण्या! त्याला सांगा, किंमत भरायला माणसं मिळाली असती. पण विकत घेणाऱ्याच्या गळ्यात डोक्यावर फिरणारे सत्तरच्या वर उपग्रह पडत होते, प्रत्येक साधारण सातशे किलोचा. त्यातला एखादा तुकडा कुणाच्या घरावर पडला तर भरपाई कोणी द्यायची? ती जबाबदारी अंगावर घ्यायला कुणी तयार नव्हतं. अमेरिकेच्या सरकारने त्यात हमी दिली, यंत्रणा चालवायचं काम बोइंगने घेतलं, तेव्हा कुठे सह्या झाल्या. शेजारचे आजोबा सांगतात, तोवर ते लोक रोज सकाळी कामावर जाताना एकमेकांना एकच प्रश्न विचारायचे: "आज पाडायचा हुकूम आला का?"